‘सकस खाणं श्रीमंतांचं काम’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. ‘सकस आहार हे श्रीमंतांचं काम. सामान्य माणसाने पोट भरावं आणि पैसे वाचवावेत,’ अशी त्याची सुरुवात. खाली पैसे वाचवायचे चार नियम: मोठं पॅक घ्या, फ्रोजन भाजीत सत्त्व नसतं म्हणून रोज ताजी आणा, पाकिटावरची तारीख उलटली की वस्तू फेका, आठवड्याच्या एकवीस जेवणांचा तक्ता करा आणि तो मोडू नका. घरचा किराणा आणि रोजचा स्वयंपाक दोन्ही माझ्याकडे असल्यामुळे मला तो जरा जास्तच जणांनी पाठवला. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहितो.

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून जास्त घातक. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने इतर संस्थांबरोबर २०२४ साली काढलेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगातल्या सुमारे २.८ अब्ज लोकांना सकस आहार परवडत नव्हता. त्यांना किराण्याच्या युक्त्या सांगणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं. तो प्रश्न मिळकतीचा आहे. पण हा मेसेज त्यांच्यासाठी नाहीच. ज्यांच्या घरी फ्रीजर आहे, ज्यांना मोठी पॅकं झेपतात, त्यांना तो सांगतोय की सकस खाणं तुमच्या आवाक्यातलं नाही.

महाग म्हणायचं तर कशाच्या मानाने? अमेरिकेच्या कृषी विभागाच्या अर्थतज्ज्ञांनी २०१२ मध्ये किमतींचा हिशेब वेगवेगळ्या मापांनी मांडला होता. कॅलरीमागे मोजलं की भाज्या-फळं महाग ठरतात. खाण्याजोग्या वजनामागे किंवा एका वेळी ताटात वाढायच्या भागामागे मोजलं, तर धान्यं, भाज्या, फळं आणि दूध हे बहुतेक तेलकट, गोड, खारट पदार्थांपेक्षा स्वस्त पडतात. साधं आहे. १०० ग्रॅम तेलात सुमारे ९०० कॅलरी, १०० ग्रॅम पालकात २३. पालकातून ९०० कॅलरी काढायच्या तर जवळपास चार किलो पालक संपवावा लागेल. पालक काय कॅलरीसाठी खातात? कॅलरीला धान्य आहेच. आणि प्रथिनांसाठी सुकी कडधान्यं आहेत: १०० ग्रॅममागे २० ते २५ ग्रॅम प्रथिनं, शिजल्यावर वजन दुपटीहून जास्त, आणि फ्रिजशिवाय महिनोन्‌महिने टिकतात. मांस पूर्ण सोडायची गरज नाही. निम्मं मांस आणि निम्मी डाळ असा एक पदार्थ आठवड्यातून दोनदा केला तरी बिलात फरक दिसतो.

विश्वास बसत नसेल तर मागच्या महिन्याची बिलं काढा. मी काढली होती. भाज्या-फळांवर हिरवी खूण, धान्य-कडधान्यांवर निळी, बिस्किटं, चिप्स, बाटलीतली पेयं यांवर लाल. सगळ्यांत मोठी बेरीज लाल आली, आणि त्यातल्या निम्म्या वस्तू घेतल्याचं मला आठवतसुद्धा नव्हतं.

आता मोठं पॅक. पाच किलो पिठाचं पॅक एक-एक किलोच्या भावापेक्षा १५ टक्के स्वस्त मिळालं असं धरा. म्हणजे १०० ऐवजी ८५ मोजले. त्यातलं एक किलो खवट होऊन फेकलं. वापरलं चार किलो, जे सुटं घेतलं असतं तर ८० पडले असते. सूट मिळवून पाच जास्तच गेले! आणि खवट होणं ही काही क्वचितची गोष्ट नाही. सालासकट दळलेल्या पिठात धान्याच्या अंकुरातलं तेल असतं, त्यामुळे ते मैद्याच्या आधी बिघडतं. दाणे, बदाम, तीळ यांचंही तेच. मसाले बिघडत नाहीत, पण वास गमावतात; मग दुप्पट घालावे लागतात.

मोठं पॅक स्वस्त असतंच असंही नाही. शेल्फवरच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात किलोमागचा भाव लिहिलेला असतो तो वाचा, नसेल तर मोबाइलवर भागाकार करा. कधीकधी मधलं पॅक सगळ्यांत स्वस्त निघतं. माझा नियम एवढाच, की जे घरात दीड-दोन महिन्यांत नक्की संपतं तेच मोठं घ्यायचं. तांदूळ, कडधान्य, मीठ, साबण. बाकी काही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ मध्ये जगभरात दुकानं, खाणावळी आणि घरं मिळून १.०५ अब्ज टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घरांतून. त्यात सूट पाहून घेतलेलं किती असेल, कोण जाणे.

फ्रोजन मटारावरचा राग मला कधीच कळला नाही. एकदा हट्टाने एक किलो शेंगा सोलून दाणे काट्यावर ठेवले: ४३० ग्रॅम. अर्धा तास गेला तो वेगळाच. शेंगांचा भाव आणि दाण्यांचा भाव यांची तुलना करायची तर शेंगांचा भाव दुपटीहून जास्त धरायला हवा, हे तेव्हा डोक्यात शिरलं. सत्त्वाचं म्हणाल, तर गोठवण्याआधी भाजी गरम पाण्यातून काढतात, त्यात थोडं क जीवनसत्त्व जातं हे खरं. पण तोडल्यावर काही तासांत गोठवलेला मटार पुढे ते टिकवून ठेवतो, आणि ‘ताजा’ पालक फ्रिजमध्ये चार-पाच दिवसांत ते गमावत बसतो. हंगामात स्वस्त असेल तेव्हा ताजं घ्याच. सॉस आणि मीठ लावलेली फ्रोजन पाकिटं मात्र मी यात धरत नाही.

‘रोज ताजी आणा’ यात आणखी एक मेख आहे. रोज दुकानात जाणारा माणूस रोज यादीबाहेरचं काहीतरी घेऊन येतो. चाकाची ट्रॉली १९३७ मध्ये ओक्लाहोमातल्या सिल्व्हन गोल्डमन यांनी आणली. ते स्वतः किराणा दुकानांचे मालक होते. हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मी अजूनही शक्यतो टोपलीच घेतो.

तारखांबद्दल थोडक्यात. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे चव आणि दर्जा त्या दिवसापर्यंत उत्तम. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ म्हणजे त्यानंतर खाऊ नका. बंद पाकिटातला कोरडा पास्ता पहिल्या तारखेनंतर वास आणि रंग पाहून वापरता येतो. मांस, मासे किंवा बाळाचं दूध दुसऱ्या तारखेनंतर नाही. गंमत म्हणजे, तारखेला घाबरणारे लोक शिजवलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवतात. त्यातल्या जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, ५ अंशांच्या खाली. पाकिटावर हे कुणी छापत नाही.

राहिला एकवीस जेवणांचा तक्ता. मी तो दोन महिने केला. सोमवारी शिस्त, मंगळवारी शिस्त, गुरुवारी कुणीतरी उशिरा येतं, कुणी बाहेर जेवतं, आणि तक्त्यासाठी आणलेली पालेभाजी खालच्या खणात काळी पडते. आखणी चुकीची नाही, तिची सुरुवात चुकीची आहे. पदार्थ ठरवून सामान आणण्याऐवजी आधी फ्रिज उघडा आणि काय मरायला टेकलंय ते बघा. आम्ही आता फक्त चार रात्रींची जेवणं ठरवतो, एक रात्र उरलेल्या अन्नासाठी, दोन मोकळ्या. क्रम भाजी ठरवते: पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत, मग फ्लॉवर आणि टोमॅटो, शेवटी कोबी, गाजर, बटाटे. सफरचंद आणि केळी पालेभाजीपासून लांब. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पानं लवकर पिवळी पडतात.

फ्रिजच्या दारावर एक कागद असतो, त्यावर आधी संपवायच्या वस्तू लिहितो. आत्ता त्यावर आहे: अर्धा कोबी, दोन गाजरं, वाटीभर उकडलेले चणे. चणे काल खोडले होते, मग झाकण उघडून पाहिलं तर तळाशी होतेच. पुन्हा लिहिलेत.