जगात देशाची पत वाढवायचीय? मग एवढं कराच!

उद्या देशाची सूत्रं तुमच्या हाती आली, तर परराष्ट्र धोरणाचं कसं होणार म्हणून झोप उडवून घेऊ नका. फायली वाचा, राजदूतांचे अहवाल बघा, असं सांगणारा सचिव भेटला तर त्याची आधी बदली करा. तुम्हाला लागतो एक चांगला शिंपी, एक चांगला फोटोग्राफर आणि मिठी मारायला भक्कम खांदे.

शेजारी डोईजड असेल तर त्याच्याशी नातं जोडावं. नेहरूंनी १९५४ साली चीनशी पंचशीलाचा करार केला आणि देशभर ‘हिंदी-चिनी भाई भाई’ दुमदुमलं. १९६२च्या ऑक्टोबरात भाऊ हिमालय उतरून आला. कृष्ण मेनन यांचं मंत्रिपद गेलं, आणि मुंबईहून यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून बोलावणं आलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला, हे आपण अजून छाती फुगवून सांगतो. त्याला धावायची वेळ कोणी आणली, ते विचारायचं नसतं. घोषणेचं बरं असतं: साधली तर आपली मुत्सद्देगिरी, फसली तर चीनचा विश्वासघात.

आता घोषणा जुन्या झाल्या, झोपाळा आणा. सप्टेंबर २०१४मध्ये साबरमतीच्या काठी शी जिनपिंग आपल्या पंतप्रधानांशेजारी झोपाळ्यावर बसले, त्याच दिवसांत लडाखच्या चुमारमध्ये चिनी सैनिक आत येऊन ठाण मांडून होते. फोटोग्राफर चांगला हवा तो यासाठीच. चुमार चौकटीत येता कामा नये. पुढे २०२०मध्ये गलवानला २० जवान धारातीर्थी पडले. तेव्हा कोणी झोपाळ्याची आठवण काढलीच, तर त्याची देशभक्ती तपासायला घ्यावी.

आणि मैत्री देशाशी करू नका, माणसाशी करा. देश म्हटला की त्याची संसद आली, व्यापार आला, हितसंबंध आले. नस्ती कटकट! माणसाला स्टेडियम पुरतं. २०१९ साली ह्यूस्टनमध्ये आपल्या पंतप्रधानांनी भर सभेत ‘अब की बार, ट्रम्प सरकार’ हे शब्द उच्चारले. पुढच्या वर्षी तिथल्या मतदारांनी ऐकलं नाही. २०२४ला ऐकलं, आणि ऑगस्ट २०२५मध्ये मित्राने आपल्या मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं. त्यातलं निम्मं रशियाचं तेल घेतल्याबद्दल. इतक्या हक्काने खिशात हात घालायला मित्रच लागतो.

फक्त नरसिंह रावांच्या वाटेला चुकूनही जाऊ नका. रामटेकमधून निवडून आलेला, अस्खलित मराठी बोलणारा हा गृहस्थ मराठीतही बोलेना, तेलुगूतही बोलेना. तिजोरीत खडखडाट असताना सत्तेवर आला, १९९२ साली इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले, पूर्वेकडच्या देशांशी व्यापाराची दारं उघडली. झोपाळा नाही, स्टेडियम नाही. १९९४मध्ये काश्मीरवरून पाकिस्तानने जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार आयोगात भारताविरुद्ध ठराव आणला, तेव्हा तर कहर केला. शिष्टमंडळाचं नेतृत्व दिलं कोणाला, तर विरोधी पक्षनेते वाजपेयींना! सोबत काँग्रेसचे सलमान खुर्शीद आणि काश्मीरचे फारुख अब्दुल्ला. तिकडे स्वतःचे आजारी परराष्ट्रमंत्री दिनेश सिंह तेहरानला धाडले. इराणने पाकिस्तानची साथ दिली नाही, आणि ठराव मतदानाआधीच गुंडाळला गेला. श्रेय सगळ्यांत वाटून टाकलं. आता श्रेय वाटायची वस्तू आहे का? अशाने पोस्टरवर फोटो किती लहान होतो, याचा हिशेब कधी केला होता का त्यांनी?

मिळालं काय? १९९६ला निवडणूक हरले. २००४मध्ये गेले तेव्हा स्वपक्षाच्या मुख्यालयाचं फाटकही त्यांच्यासाठी उघडलं नाही. भारतरत्न मिळायला २०२४ उजाडलं, तेही विरोधकांच्या सरकारकडून. तुम्हाला मात्र पुढच्या वर्षी निवडणूक लढवायची आहे ना?