चेन तिरकी, आणि दोष म्हणे गिअर बदलणाऱ्या डिरेलरचा!

परत तेच! चढावर सायकलच्या मागच्या चाकाच्या सगळ्यात मोठ्या दातेरी चकतीवर चेन टाकली, पेडल जरा उलटं फिरवलं की खट्ट! चेन दोन चकत्या खाली. दुकानात नेली की ठरलेलं उत्तर, "काका, डिरेलर आउट आहे." मग स्क्रू पिळायचे, केबल ताणायची, पैसे घ्यायचे. अरे बाबा, स्टँडवर सगळ्याच सायकली गुणी असतात, एकदा उलटं पेडल मारून बघ की!

शेवटी मापायचं व्हर्नियर घेऊन स्वतःच बसलो. सीट ट्यूबच्या, म्हणजे सीटखालच्या नळीच्या, मध्यापासून चेनरिंगच्या (पेडलजवळच्या दातेरी चकतीच्या) दातापर्यंत ५२ मिमी. हे माप १४८ मिमीच्या रुंद 'बूस्ट' हबसाठीचं (हब म्हणजे चाकाचा मधला भाग), आणि माझा मागचा हब जुना, अरुंद, १३५ मिमीचा! क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, बसवताना कुणी बघितलंच नाही. चेनरिंग जास्तच बाहेर, मग चेन तिरकी जाणार नाही तर काय?

बीबी (बॉटम ब्रॅकेट, ज्यात क्रँकचा आस फिरतो) ६८ मिमीचा, म्हणजे उजवीकडे अडीच-अडीच मिमीचे दोन स्पेसर, म्हणजे जाडी भरायच्या कड्या. त्यातला एक काढून डावीकडे घातला, चेनरिंग तेवढीच आत आली. झालं! डावं पेडल अडीच मिमी बाहेर गेलं, जाऊ दे. आता उलटं पेडल मारलं तरी चेन चकतीवरून हलत नाही. चेनरिंग आणि चेनस्टेमध्ये (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीमध्ये) मात्र जेमतेम पोस्टकार्ड जाईल एवढी फट उरलीय, आणि उभं राहून जोर लावला की कर्रर्र...