लाझार संत कधी झाला? १९व्या शतकात तर नक्कीच नाही

सर्बियाचा १४व्या शतकातला राजा लाझार, त्याच्याबद्दल एक दावा सारखा फिरतोय, की 'त्सार' (म्हणजे सम्राट) लाझार २८ जून १३८९ला तुर्कांशी झालेल्या कोसोवोच्या लढाईत मेला, मग चारपाचशे वर्षं त्याला कुणी विचारलं नाही, आणि १९व्या शतकात राष्ट्रवाद्यांनी त्याला संत करून टाकलं, पुरावा काय तर चर्चचा संत घोषित केल्याचा कागदच नाही.

आधी तारीख. लढाई झाली १५ जूनला, तेव्हाच्या जुन्या ज्युलियन कॅलेंडरने, आणि फ्लॉरेन्सने त्याच वर्षी २० ऑक्टोबरला बोस्नियाच्या राजा त्वर्त्कोला धाडलेल्या पत्रातही हाच दिवस आहे. २८ जून हा आजचा हिशोब, कारण आता दोन कॅलेंडरमधे १३ दिवसांचा फरक पडतो. १३८९ला तो ८ होता, म्हणजे आपल्या कॅलेंडरने २३ जून! आणि लाझार त्सार नव्हताच, त्याची पदवी क्नेझ, म्हणजे राजपुत्र, त्सार त्याला लोकगीतांनी केलं.

कागद नाही हे खरंय, पण सर्बियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चमधे तेव्हा कागदावर संत ठरतच नसत. देह समारंभाने मठात आणायचा, त्याच्यावर स्तोत्रं लिहायची, उपासना सुरू करायची, झाला संत. लाझारला आधी प्रिश्तिनात पुरलं, पण दीडदोन वर्षांतच त्याने स्वतः बांधलेल्या रावानित्सा मठात आणलं, आणि सर्बियन चर्चचा प्रमुख, पॅट्रिआर्क दानिलो तिसरा, याने त्याला हुतात्मा म्हणून गौरवलं.

आणि येफिमियाला कसं विसरता? नवरा १३७१च्या मारित्साच्या लढाईत गेला, एकुलता एक मुलगा लहानपणीच गेला, मग ही बाई लाझारच्या दरबारात आली, पुढे जोगीण झाली. १४०२च्या सुमारास तिने लाझारच्या शवपेटीसाठी लाल रेशमावर सोन्याच्या धाग्याने स्तुती भरली, त्यात ती थेट लाझारशीच बोलते, की संत जॉर्ज, संत दिमित्री सगळ्यांना गोळा कर आणि तुझ्या मुलांच्या मदतीला धाव. मेलेल्या माणसाकडे असं मागणं म्हणजे तो संतच झाला की! ते कापड आजही बेलग्रेडमधे आहे.

'कुणी विचारलं नाही' म्हणे. १६९०ला तुर्कांच्या भीतीने लोक उत्तरेला पळाले तेव्हा रावानित्साचे साधू लाझारचा देह सोबत घेऊन पार हंगेरीत, बुडापलीकडे सेंतांद्रेयापर्यंत गेले, नंतर तो व्रद्निकच्या मठात आणला.

१९व्या शतकाने केलं ते एवढंच, की विदोव्दान, म्हणजे या लढाईचा दिवस, मोठा राष्ट्रीय दिवस झाला. तेव्हा १५ जून नव्या कॅलेंडरने २७ला यायचा, २८ला नाही.