अण्णांनी काहीही चुकीचं दाबलेलं नव्हतं

आज साताऱ्याला घरी गेले तर अण्णांचा कॉम्प्युटर आईच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्याखाली झाकलेला. प्लग भिंतीतून काढलेला आणि वायर नीट गुंडाळून ठेवलेली. विचारलं तर म्हणाले, "बिघडलाय गं. मी काहीतरी चुकीचं दाबलं असणार." 19 दिवस झाले म्हणे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अण्णा म्हणजे माझे वडील, 74 वर्षांचे, आयुष्यभर झेडपीच्या शाळेत मास्तर. दोन वर्षांपूर्वी मराठी टायपिंग शिकले आणि माण तालुक्यातल्या आमच्या गावाच्या आठवणी लिहायला बसले. रोज सकाळी पूजा, चहा, मग एक पान. नेमाने.

प्लग लावला, चालू केला. पाचव्या मिनिटाला उजव्या कोपऱ्यात टिंग झालं आणि लाल पट्टी आली. "तुमच्या पीसीमध्ये 5 व्हायरस सापडले." लगेच दुसरी, "संरक्षण आज संपत आहे." मग एक लॉटरीची. त्यानंतर जी आली ती इथे लिहिण्यासारखी नाही. माझे वडील मागे उभे होते. ते मान वळवून खिडकीबाहेर बघायला लागले. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय, अजून शांत झालेलं नाही.

व्हायरस एकही नव्हता. काय झालं होतं ते सांगते, कारण तुमच्या घरीही हेच झालेलं असणार. अण्णा पंचांगाची पीडीएफ शोधत होते. एका साइटवर चौकट आली, "तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा." मास्तर माणूस, सूचना दिली की पाळणार. त्यांनी अलाऊ दाबलं. ते बटण रोबोट तपासायचं नव्हतंच, नोटिफिकेशन पाठवायची परवानगी होती ती! एकदा दिली की ती साइट बंद केली तरी ब्राउझरमार्फत, म्हणजे क्रोमसारख्या इंटरनेट बघायच्या प्रोग्रॅममार्फत, तिचे निरोप येतच राहतात, आणि दिसतात असे की कॉम्प्युटर स्वतःच बोलतोय. खाली बारीक अक्षरात साइटचं नाव असतं. ते कोण वाचणार? मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला माणूस?

क्रोममध्ये यादी उघडली तर अशा 31 साइट निघाल्या. एकतीस जणांना या घरात कधीही शिरायची मुभा, आणि घरमालकाला पत्ताच नाही.

उपाय पाच मिनिटांचा आहे. क्रोमच्या वरच्या तीन ठिपक्यांवर जा, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. परवानगी असलेल्या साइट एकेक करून काढा, आणि वरचा पर्याय असा ठेवा की यापुढे कुठल्याच साइटने विचारायचंही नाही. पॉप-अपचं, म्हणजे आपोआप उघडणाऱ्या खिडक्यांचं, सेटिंग तिथेच आसपास आहे, तेही बंदच असू द्या. मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, तिथे नोटिफिकेशन्स. प्रत्येक प्रोग्रॅमसमोर बटण असतं, नको ते बंद करा. विंडोज 11 असेल तर त्याच पानावर अगदी तळाशी टिप्स आणि सजेशन्सच्या खुणा असतात, त्याही काढा. कॉम्प्युटरबरोबर फुकट आलेलं, मुदत संपलेलं अँटिव्हायरस दर तासाला पैसे मागत होतं, तेही काढून टाकलं. विंडोजचं स्वतःचं डिफेंडर आहे, अण्णांना तेवढं पुरे.

आणि एक गोष्ट घरातल्या मोठ्यांना आजच सांगा. कधी पूर्ण स्क्रीन भरून इशारा येतो, भोंगा वाजतो, "या नंबरवर फोन करा" असं लिहिलेलं असतं. फोन करायचा नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि ब्राउझर बंद करायचा. पुन्हा उघडल्यावर मागची पानं परत आणू का असं विचारलं तर नाही म्हणायचं. पैसे गेलेच असतील तर लाज न बाळगता लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन.

आता मला कुणीतरी सांगेल की फुकट वाचायला मिळतं ते जाहिरातींवरच चालतं. बरं, मान्य. बँकेची आणि मेलची नोटिफिकेशन कामाची असतात, तेही मान्य. पण जाहिरात पानावर लावा ना! वर्तमानपत्रात असते, आम्ही पान उलटतो. म्हाताऱ्या माणसाला तुझ्या घरात चोर शिरलाय असं सांगून घाबरवायचं, याला जाहिरात म्हणायचं?

ईथन झुकरमन नावाचा माणूस आहे. 1990च्या दशकात ट्रायपॉड या कंपनीत असताना त्याने पॉप-अप जाहिरातीचा कोड लिहिला. 2014 साली त्याने त्याबद्दल जाहीर माफी मागितली. मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो, निदान त्याला वाटलं तरी की हे चुकलं. आपल्याकडे 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे साइट आणि अ‍ॅपवर ग्राहकाला फसवून हवं ते करायला लावणाऱ्या युक्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात फसवणुकीचे 13 प्रकार दिलेत, सारखं टोचत राहणं हाही त्यातला एक, आणि व्हायरस असल्याची खोटी भीती घालणंही. कागदावर सगळं आहे. माझ्या अण्णांच्या स्क्रीनवर त्यातलं काय पोचलं?

हे लिहिताना मघाचा राग जरा ओसरला, आणि खाली दुसरंच काहीतरी सापडलं.

अण्णांनी 19 दिवस आम्हाला फोन का केला नाही? मी विचारलं. आधी सांगेनात. मग आईने सांगितलं. दिवाळीत दादा त्यांच्यावर खेकसला होता, "अण्णा, कुठं कुठं दाबता तुम्ही!" आणि मीही फोनवर अगदी हेच वाक्य म्हणाले होते. शब्द न् शब्द. मला आठवतसुद्धा नव्हतं. त्यांना आठवत होतं. ज्या माणसाने मला बोट धरून पाटीवर ग म भ न काढायला शिकवलं, एकदाही आवाज न चढवता, त्याला मी हे म्हणाले.

फसवणारे हुशार आहेत, त्यांचा धंदाच तो. पण आपल्या माणसाला "मी काहीतरी चुकीचं दाबलं असणार" असं वाटायला लावायचं काम आपण घरातलेच करतो. मग तो लाल पट्टीला घाबरतो, आणि आपल्याला विचारायलाही घाबरतो. कृपा करून या रविवारी आईवडिलांकडे जाल तेव्हा ही दोन सेटिंग्ज करून या. त्यांना शेजारी बसवून करा. माउस त्यांच्याच हातात द्या.

मी आज तसंच केलं. एकतीसच्या एकतीस साइट अण्णांनी स्वतः काढल्या. प्रत्येकीचं नाव मोठ्याने वाचायचे आणि मग बटण दाबायचे, वर्गात हजेरी घेतल्यासारखे. शेवटची गेल्यावर पाच मिनिटं आम्ही दोघं नुसते त्या कोपऱ्याकडे बघत बसलो. काही आलं नाही.

मग त्यांनी त्यांची फाइल उघडली. 19 दिवसांपूर्वीचं वाक्य अर्धंच होतं. "बहात्तरच्या दुष्काळात आम्ही खडी फोडायला जात असू, तेव्हा दुपारी सुकडी वाटायला" आणि पुढे काही नाही. तिथेच टिंग वाजलं होतं.

मी पुण्याची एसटी पकडली तेव्हा ते लिहीत होते. आत्ता आईचा फोन आला, जेवायला दोनदा हाक मारली तरी उठत नाहीत म्हणून.