जपानात म्हणे सगळं चालतं

पुण्याच्या कॉलेजच्या ग्रुपवर गाड्यांचा विषय निघाला की दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं, जुन्या आणि 'मॉडिफाय' केलेल्या सगळ्या गाड्या उचला आणि पोलीस बुलेटचे सायलेन्सर घालतात तशा रोलरखाली घाला. दुसऱ्याचं म्हणणं, आमच्या पैशाची गाडी आहे, आम्ही तिला काहीही बसवू, तुमच्या पोटात का दुखतं? थोड्या वेळाने दोघेही माझ्याकडे वळतात. मी योकोहामाजवळ राहते आणि माझ्याकडे १९९१ सालची निस्सान स्कायलाइन जीटी-आर आहे, आर-३२ पिढीतली. पहिला तट म्हणतो, "जपानात बघ, दहा वर्षांत गाडी भंगारात!" दुसरा म्हणतो, "जपानात बघ, हवं ते बसवतात, कोण विचारत नाही!" दोन्ही खोटं आहे.

ज्यांना गाड्यांचं वेड नाही त्यांच्यासाठी ही गाडी काय चीज आहे ते आधी सांगते. ऑगस्ट १९८९ मध्ये ती बाजारात आली. तिचं इंजिन २५६८ सीसीचं. हा विचित्र आकडा शर्यतीच्या नियमातून आला. 'ग्रुप ए' शर्यतींत टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) असलेल्या इंजिनाचा आकार १.७ ने गुणून धरत. तसं केलं की हे इंजिन साडेचार लिटरच्या गटात जेमतेम मावतं. म्हणजे शर्यत आधी ठरली आणि गाडी नंतर बेतली. जपानच्या टूरिंग कार मालिकेत १९९० ते १९९३ या काळात या गाडीने २९ पैकी २९ शर्यती जिंकल्या. १९९१ आणि १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियात जाऊन बॅथर्स्टची शर्यत मारली, तेव्हा तिथल्या लोकांनी तिला 'गॉडझिला' म्हणायला सुरुवात केली होती. कागदावर ताकद मात्र २८० पीएस, म्हणजे अश्वशक्ती. जपानी कंपन्यांनी आपसात ठरवलं होतं की याहून मोठा आकडा छापायचा नाही. ते बंधन २००४ पर्यंत टिकलं. इंजिनाच्या अंगात त्याहून बरंच जास्त होतं, आणि 'ट्यूनिंग'चा, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवून देण्याचा, अख्खा धंदा त्या झाकलेल्या मुठीवर उभा राहिला.

मी घेतली तेव्हा ही गाडी एका नव्या साध्या घरगुती गाडीच्या किमतीत मिळे. आज त्या पैशांत धड इंजिनही येत नाही. कारण अमेरिका. तिथे पंचवीस वर्षं पूर्ण झालेली परदेशी गाडी सुरक्षेच्या नियमांतून सुटते आणि आयात करता येते. १९८९ च्या आर-३२ साठी ते दार २०१४ मध्ये उघडलं, १९९९ मध्ये आलेल्या नंतरच्या आर-३४ पिढीसाठी २०२४ मध्ये. दार उघडलं की इथल्या जुन्या गाड्यांच्या लिलावात डॉलर येतो आणि पगारावर जगणारा जपानी पोरगा बाहेर फेकला जातो. ज्या देशाने ही गाडी घडवली, तिथली गाडी बंदरात कंटेनरची वाट बघत उभी असते.

लिलावाचा कागद वाचता आला पाहिजे. त्यावर तपासनिसाने दिलेला दर्जा असतो, पत्र्यावर कुठे चरा, कुठे पोचा, कुठे रंगकाम हे खुणांनी दाखवलेलं असतं, आणि गाडीला मोठा मार बसून सांगाडा दुरुस्त झाला असेल तर दर्ज्याच्या जागी आकड्याऐवजी 'आर' येतो. एवढं सगळं असूनही या गाडीचा खरा शत्रू त्या कागदावर पुरता दिसत नाही. तो म्हणजे गंज. मागच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे टॉवर, डिकीचा तळ, दारांखालचा पत्रा. वरून चकाचक रंग आणि आतून पत्र्याची चाळण. होक्काइदोसारख्या बर्फाळ भागातली गाडी असेल तर हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ तिने किती वर्षं खाल्लंय हे आधी विचारायचं. इंजिन बांधून मिळतं, सडलेला सांगाडा सहजी मिळत नाही.

गाडी पसंत पडली तरी नावावर होत नाही. आधी घराच्या दोन किलोमीटरच्या आत ती उभी करायला जागा आहे, असा पोलीस ठाण्याचा दाखला लागतो. १९६२ पासून हा कायदा आहे. ग्रुपवर गेल्या वर्षी परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांच्यावर मनसोक्त हसून झालं, कारण त्यांनी २०२५ मध्ये मुंबईत पार्किंग दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी नको, असं म्हटलं होतं. मी हसले नाही. सदाशिव पेठेत एकेका वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीखाली आणि तिच्या समोरच्या रस्त्यावर काय अवस्था आहे, ते दर दिवाळीला बघते. कल्पना बरोबर होती. फक्त तो दाखला दोनशे रुपयांत एजंटकडे मिळू लागेल ही भीतीही तितकीच बरोबर आहे. माझं सगळं म्हणणं याच भीतीभोवती फिरतं.

आता देखभाल. आमचे मेस्त्री सत्तरीचे आहेत. गाडी त्यांच्याकडे पहिल्यांदा नेली तेव्हा मला अर्थातच बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, वाढवून हवा होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, आधी ऑइल पंप. सुरुवातीच्या आर-३२ मध्ये क्रँकचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचा, जो भाग ऑइल पंप फिरवतो तो आखूड आहे, पकड कमी. इंजिन सतत उंच आरपीएमवर ठेवलं की तिथे ताण येतो आणि पंप फुटू शकतो. शिवाय तेल वर सिलिंडर हेडमध्ये साचून राहतं, खाली लवकर उतरत नाही. तेल गेलं की बेअरिंग गेली. मग पाण्याचे होज, रेडिएटर, टायमिंग बेल्ट, इग्निशन कॉइल, हवा मोजणारे दोन सेन्सर. तीस वर्षांच्या रबराला आणि सोल्डरिंगला तुमच्या हौसेशी काही देणंघेणं नसतं. मग ब्रेक. ताकदीची पाळी सगळ्यांत शेवटी आली, आणि तोवर माझे पैसे संपले होते.

सुटे भाग बरीच वर्षं मिळत नव्हते. लोक एक गाडी जगवायला दुसरी फाडत. डिसेंबर २०१७ मध्ये निस्मोने, म्हणजे निस्सानच्या शर्यतवाल्या शाखेने, आर-३२ चे बंद पडलेले भाग पुन्हा बनवून विकायला सुरुवात केली, पुढे आर-३३ आणि आर-३४ चेही. टोयोटाने आपल्या जुन्या सुप्रा गाडीसाठी तेच केलं. किमती डोळे पांढरे करणाऱ्या, पण भाग मिळतो. पुण्यात बाबांची फियाट होती, प्रीमियर पद्मिनी. कंपनी बंद पडल्यावर तिचे भाग जुन्या बाजारात हुडकावे लागत आणि जे मिळे ते घासून-ठोकून बसवावं लागे. आमच्या मेस्त्र्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी त्या फियाटवाल्या मेस्त्र्यांबद्दल फारच आदराने चौकशी केली.

ट्यूनिंगमध्ये या गाडीची मोठी मेख आहे तिचा टर्बो. कंपनीने एक्झॉस्टच्या बाजूचं चाक सिरॅमिकचं बसवलं होतं. हलकं, म्हणून पटकन फिरतं आणि पिकअप लवकर येतो. पण बूस्ट एक बारच्या वर गेला की ते चाक फुटण्याची शक्यता दारात उभी. टर्बो तर जातोच, नशीब फुटकं असेल तर चुरा इंजिनापर्यंत पोचतो. म्हणून शहाणा माणूस आधी धातूच्या चाकाचे टर्बो बसवतो, मग इंजिनाचा संगणक नव्या हिशेबाने जुळवून घेतो, मग बूस्टला हात लावतो. इंटरनेटवर बघून, बूस्ट मर्यादेत ठेवणारा नळीतला अडथळा काढणारेही असतात. दहा मिनिटांचं काम, फुकट ताकद. लिलावात 'इंजिन बंद' असा शेरा मिळालेल्या गाड्यांमध्ये अशांच्या बऱ्याच असाव्यात, असं आमच्या मेस्त्र्यांचं मत. मी त्यावर पैज लावणार नाही.

एवढं सगळं बसवलं, कोण विचारतं? इथे येतं शाकेन, म्हणजे गाडीचं पासिंग. नव्या गाडीला तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. गाडी स्वतःही नेता येते, आणि एकदा तरी न्यावी. चाकांची दिशा, ब्रेक, स्पीडोमीटर ताशी ४० किलोमीटरला बरोबर दाखवतो का, हेडलाइटचा झोत, आवाज, धूर. खाली उतरलेला तपासनीस हातोडीने बोल्ट ठोकून बघतो. गाडी जमिनीपासून नऊ सेंटिमीटरपेक्षा खाली बसवली असेल तर नापास. रोलकेज (गाडी उलटली तर वाचवणारा आतला लोखंडी पिंजरा) घालून मागची सीट काढली, इंजिन बदललं, तर आरसी बुकासारख्या कागदावर तशी नोंद हवी, नाहीतर नापास. धुराचा निकष मात्र गाडीच्या पिढीचा. माझ्या गाडीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्क्यांपर्यंत माफ आहे, १९९८ नंतरच्या कडक नियमांतल्या गाडीला १ टक्का. म्हाताऱ्याला तरुणाच्या शर्यतीत पळवत नाहीत, पण चालून दाखवायला लावतात.

म्हणजे दुसऱ्या तटाचं 'काहीही चालतं' गेलं. पहिल्याचं 'दहा वर्षांत भंगार' कुठून आलं तेही सांगते. १९९५ पर्यंत दहा वर्षांवरच्या गाडीला शाकेन दरवर्षी लागे. लोक कंटाळून गाडी काढून टाकत. त्या वर्षी तो नियम गेला आणि बदलांवरची बंधनंही बरीच सैल झाली. ज्याला आपण जपानी ट्यूनिंगचं स्वातंत्र्य म्हणतो ते इतकं अलीकडचं आहे, आणि तपासणी जागेवर ठेवून दिलेलं आहे.

जपानचं कौतुक इथे थांबवते, कारण सरकार जुन्या गाडीला अजूनही दंडच लावतं. तेरा वर्षं उलटली की पेट्रोल गाडीचा वार्षिक कर सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढतो. माझ्या गाडीला दर वर्षी ५८,६०० येन. वजनावरचा कर तेराव्या आणि पुन्हा अठराव्या वर्षी चढतो. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांच्या गाडीला रस्ताकर माफ होतो, जर्मनीत तीस वर्षांच्या गाडीला वारसा म्हणून वेगळी नंबरप्लेट मिळते. जपानात गाडी जपून ठेवणाऱ्याला वेगळा मान नाही. गाडी न बघता शाकेनचा कागद देणारी गॅरेजं इथेही पकडली जातात. फरक एवढाच की पकडली की परवाना जातो. शनिवारी रात्री योकोहामाच्या दाइकोकू पार्किंगमध्ये जो गोंगाट चालतो, आणि तो वाढला की पोलीस ती जागाच बंद करून सगळ्यांना हाकलतात, ते बघितलं तर जंगली महाराज रोडची आठवण येईल.

आता घरचे वाद. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावला की कंपनीने दिलेल्या मूळ वर्णनाशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाही. दिल्लीत दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी नकोच, असा वयाचा दंडक लावला गेला. जुलै २०२५ मध्ये अशा गाड्यांना पंपावर इंधन द्यायचं नाही असं फर्मान निघालं आणि ओरड होताच काही दिवसांत थांबवलं गेलं. पुढे न्यायालयातही त्याला वळणं लागत गेली. दोन्हीकडे गाडीकडे बघायचीच गरज नाही, कागदावरचं वर्ष किंवा कंपनीचं वर्णन बघितलं की झालं.

हे आळशीपणाचं आहे असं मला पूर्वी वाटे. आता वाटतं, ते हताशपणाचं आहे. गाडीची तब्येत बघा म्हटलं की बघणार कोण, हा प्रश्न येतो. पीयूसीचे निकष आपल्याकडेही पिढीनुसार वेगळे आहेत, कागदावर आपण जपानच्या फार मागे नाही. पण टपरीशेजारच्या व्हॅनमध्ये गाडी सुरू न करता पीयूसी मिळते, हे ग्रुपवरच्या दोन्ही तटांना तोंडपाठ आहे. बाबांच्या फियाटचं पंधरा वर्षांनंतरचं पासिंग एका एजंटने गाडी घराखालीच उभी असताना करून आणलं होतं आणि घरात त्याचं कौतुक झालं होतं. जिथे तपासणी विकत मिळते तिथे न्यायालयाला आणि सरकारला वयाचीच कुऱ्हाड उरते, कारण वर्ष खोटं सांगता येत नाही.

म्हणून 'मॉडिफिकेशनला परवानगी द्या' म्हणणाऱ्या मित्रांना मी सांगते, आधी तपासणीसाठी भांडा. वाट नवी शोधायची नाही. सीएनजी किट आपण लाखो गाड्यांना बसवतो: मंजूर किट, अधिकृत फिटर, आरसी बुकावर नोंद. सस्पेन्शनला, ब्रेकला, टर्बोला हीच पद्धत लावता येईल. स्वयंचलित तपासणी केंद्रांच्या घोषणा झाल्या आणि मुदती पुढे ढकलल्या गेल्या, त्याबद्दल मात्र ग्रुपवर एकही मेसेज नाही. सायलेन्सरवर शेकड्याने असतात.

कुणी कल्याणीनगर काढतोच. मे २०२४ चा पुण्यातला तो पोर्श गाडीचा अपघात आठवला की जोरात पळणाऱ्या कुठल्याही गाडीबद्दल बोलायची लाज वाटते. पण ती गाडी जुनी नव्हती आणि कुणी तिच्यात बदल केल्याने माणसं मेली नाहीत. ती कोरी, नोंदणी पूर्ण न झालेली गाडी होती आणि चालवणारा सतरा वर्षांचा होता. वयाचा आणि मूळ वर्णनाचा, दोन्ही नियम ती आरामात पास झाली असती.

परत येशील तेव्हा गाडी आण, असं मित्र म्हणतात. वापरलेली गाडी तीन वर्षांहून जुनी असली तर भारतात आणता येत नाही. दुसरं दार व्हिंटेजचं, पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांचं. माझी १९९१ ची, म्हणजे २०४१ उजाडेल. तेव्हाही व्हिंटेज गाड्यांचे २०२१ चे नियम असेच असतील तर गाडी मूळ रूपात हवी, इंजिनात बदल केलेला चालणार नाही. धातूचे टर्बो काढून फुटणारे सिरॅमिकचे परत बसवावे लागतील. आमच्या मेस्त्र्यांना हे सांगितलं, तर त्यांनी दोनदा विचारलं की हा नियम सुरक्षेसाठी आहे का.