मोरचुदावर उगाच आळ

क्लिक रिअ‍ॅक्शनबद्दल (तांब्याच्या मदतीने अझाइड आणि अल्काइन जोडून ट्रायझोल हे वलय बनवणं) एक सल्ला बराच फिरतोय: "कॉपर सल्फेटमधलं (म्हणजे मोरचुदातलं) तांबं कॉपर(II), म्हणजे निष्क्रिय. थेट कॉपर(I) असलेलं कॉपर आयोडाइड घ्या, लिगँडचा (तांब्याला धरून सांभाळणाऱ्या रेणूचा) खर्च वाचवा, अडलंच तर तांबं वाढवा."

काम कॉपर(I), म्हणजे एकच इलेक्ट्रॉन गमावलेलं तांबंच करतं, कबूल; कॉपर(II) ने दोन गमावलेले असतात. पण ते बाटलीतूनच यायला हवं असं थोडंच आहे! 2002 साली ही रिअ‍ॅक्शन दोन गटांनी स्वतंत्रपणे मांडली. मेल्डाल यांच्या गटाने रेझिनवर (घन आधारावर) कॉपर आयोडाइड आणि बेस (आम्लारी) वापरला. शार्पलेस-फोकिन यांच्या गटाने साधं मोरचूद आणि सोडियम अस्कॉर्बेट, तेही पाणी आणि टर्ट-ब्युटेनॉलमध्ये. तिथे 1 मोल टक्क्याच्या (शंभर रेणूंमागे एक) आसपास तांबं पुरतं. अस्कॉर्बेट एकदा क्षपण करून (तांब्याला इलेक्ट्रॉन देऊन) गप्प बसत नाही. हवेने बिघडलेलं तांबं ते पुन्हा पुन्हा कॉपर(I) वर आणतं. नुसत्या आयोडाइडच्या फ्लास्कमध्ये असा राखणदार नसतो. ऑक्सिजन शिरला की दोन अल्काइन एकमेकांनाच जोडून डायाइन करतात, कधी ट्रायझोलच्या पाचव्या जागी आयोडीन जाऊन बसतं. टीएलसीवर (रिअ‍ॅक्शन तपासायच्या पातळ थराच्या पट्टीवर) तो जादा ठिपका दिसला की दोष बिचाऱ्या अझाइडला. शिवाय शुद्ध आयोडाइड पांढरं असतं. तुमच्या बाटलीतलं तपकिरी झाक मारत असेल, तर "थेट कॉपर(I)" हा दावा तिथेच ढिला पडला.

लिगँडचं म्हणाल, तर ग्रॅमभर लहान रेणू जोडताना तो नसला तरी बहुतेकदा चालतं. प्रथिनाला टॅग लावताना मात्र नाही. तिथे टीएचपीटीए हा पाण्यात विरघळणारा लिगँड तांब्याच्या पाचपट घेण्याची पद्धत आहे. आधी मोरचूद आणि लिगँड एकत्र, अस्कॉर्बेट सगळ्यात शेवटी. टीबीटीए हा दुसरा लिगँड पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळे इथे तो नको. बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) ट्रिस असेल तर तोही बदला, तो स्वतःच तांब्याला धरून ठेवतो.

आणि "तांबं वाढवा" हा तर सर्वात वाईट भाग. तांबं, अस्कॉर्बेट आणि हवा मिळून घातक ऑक्सिजन-रूपं तयार होतात, प्रथिनं त्यात होरपळतात. वर ते जादा तांबं ईडीटीएने (तांब्याला पकडून नेणाऱ्या रसायनाने) धुवत बसा. त्याआधी फ्लास्ककडे बघा: निळा रंग गेलेला नसेल तर क्षपणच झालेलं नाही. बहुतेकदा अस्कॉर्बेटचं द्रावण जुनं, पिवळं पडलेलं निघतं. ताजं करा.

पदार्थाला पाणी अजिबात चालत नसेल, तेव्हा आयोडाइड जरूर घ्या. सोबत डीआयपीईए हा बेस, आणि फ्लास्कमध्ये नायट्रोजन.