काच तडकली

आज सकाळी सव्वासातला मामीचा फोन. इतक्या सकाळी तिचा फोन आला की पोटात गोळाच येतो. पण ती एवढंच म्हणाली, "काच तडकली वं पोरी." मला पुढचं काही विचारावं लागलंच नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझा मामा चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीत होता, 31 वर्षं अंडरग्राउंड. रिटायर झाल्यावर पीएफच्या पैशात गावातच दोन खोल्या आणि पडवी बांधली. चार-पाच वर्षांत दाराच्या कोपऱ्यातून भिंतीला वर तिरकी भेग गेली. मामाने काचेची बोटभर रुंद पट्टी त्या भेगेवर आडवी ठेवली, दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवली आणि बाजूला पेन्सिलने तारीख लिहिली. भिंत सरकली तर काच तुटणार, काच शाबूत तर भेग जुनीच आहे, निवांत झोपा. मी मे महिन्यात गेले की मामा सकाळी चहाचा कप घेऊन आधी त्या काचेसमोर उभा असायचा, देवपूजा नंतर. शेवटची पट्टी त्याने 2016 ला लावली आणि पुढच्याच वर्षी गेला. तीच आज तुटली.

तर अशा मनःस्थितीत खाली उतरले, सोसायटीतले एक काका भेटले, सहज बोलता बोलता सांगितलं. ते म्हणाले, "पण मुळात खाणीवर घर बांधावंच कशाला माणसाने?" आणि गाडी काढून निघून गेले. दिवसभर ते वाक्य डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

कशाला बांधावं? अहो, खाणीत काम करणारा माणूस खाणीजवळ नाही राहणार तर काय हिरानंदानीत राहणार? आणि खाण काही अंगणाखाली संपते असं पाटी लावून सांगत नाही. मामा समजावून सांगायचा, खाली कोळसा काढताना मध्ये मध्ये कोळशाचेच खांब सोडतात, छत त्यांच्यावर उभं राहतं. मग खाण संपत आली की मागे मागे येत ते खांबही काढून घेतात, त्याला डीपिलरिंग म्हणतात, आणि मागे राहिलेली पोकळी म्हणजे गोफ. ती वाळूने नीट भरली तर ठीक. नाही भरली तर छत थोडं थोडं खाली पडत राहतं, पोकळी वर वर सरकते, वीस वर्षांनी, चाळीस वर्षांनी, आणि एक दिवस वरची जमीनच आत जाते. खाण चालू असते तोवर पंप पाणी उपसत असतात, बंद झाली की पाणी भरतं, उरलेले खांब भिजून झिजतात. म्हणजे धोका खाण बंद झाल्यावर संपत नाही हो, तेव्हा तर त्याच्याकडे बघणारंही कुणी उरत नाही.

26 ऑगस्ट 2022, चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसचा आमराई वॉर्ड आठवतोय कुणाला? राहतं घर बघता बघता जमिनीत गेलं, थोडंथोडकं नाही, साठ-सत्तर फूट. हादरा जाणवला म्हणून घरातले बाहेर पळाले आणि वाचले. दोन दिवस टीव्हीवर तो खड्डा दाखवला, मग गणपती आले. तिकडे झारखंडमध्ये झरियाच्या कोळसा पट्ट्यात 1916 पासून जमिनीखाली आग आहे, लोकांना हलवायचा मास्टर प्लॅन 2009 चा, आणि 2025 मध्ये परत नवा, 5,940 कोटींचा, मंजूर. एवढ्यात तिथे दोन पिढ्या भेगांकडे बघत मोठ्या झाल्या.

मामीकडे मागे एकदा साहेब लोक येऊन गेले होते. भिंतीवर टिचकी मारली आणि म्हणाले, बांधकाम कच्चं आहे, सिमेंट कमी घातलंय. मामी नुसती बघत राहिली. ज्या माणसाने 31 वर्षं त्यांच्यासाठी खाली छताला टेकू लावले त्याला भिंत बांधता येत नव्हती म्हणे!! मामीने काय पुरावा द्यायचा? 72 वर्षांच्या बाईने जमिनीत उतरून दाखवायचं का की खाली पोकळ आहे?

हो, मान्य, घर ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीत, आहे, रीतसर परवानगी वगैरे नाही. तिथली अर्धी वस्ती तशीच आहे. पण घरपट्टी घेताना कुणी म्हणालं नाही की खाली गोफ आहे.

आपल्या ठाण्यात पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी लागते. 2013 ला शीळफाट्याला इमारत पडून 74 माणसं गेली, तेव्हापासून आपल्याला त्या यादीचा अर्थ चांगला कळतो. तीस वर्षं झालेल्या बिल्डिंगला स्ट्रक्चरल ऑडिट लागतं. ती यादीही अपुरी असते, तेही मान्य. पण निदान कुणीतरी भिंत बघतं. मामीच्या घराखालची जमीन कोण बघणार? इंग्लंडमध्ये कोळशाच्या पट्ट्यात घर घेताना खाली जुनी खाण आहे का याचा रिपोर्ट काढतात, आणि 1991 चा कायदा आहे, जमीन खचून नुकसान झालं तर दुरुस्ती किंवा भरपाई द्यावीच लागते. आपल्याकडेही बंद खाणीचा नकाशा धनबादला खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे जमा करायचा असा नियम आहे. म्हणजे कुठे खांब सोडले, कुठे काढले हे कागदावर असायलाच हवं. मग तो कागद वर राहणाऱ्याला का दिसू नये? पोकळ ज्याने केलं त्याने सांगावं, मामीने काचेच्या पट्टीवरून ओळखायचं का?

आणि काका, चंद्रपूरहून थेट आपल्या पडघ्यापर्यंत 1500 मेगावॅटची लाइन आलीय. तुमच्या घरातला एसी कुणाच्या अंगणाखालच्या कोळशावर चालतो ते एकदा बघा. मी स्वतःलाही हेच विचारतेय, पंख्याखाली बसूनच लिहितेय.

दुपारी परत फोन केला. म्हटलं, मामी, बॅग भर, इकडे ये. नाही म्हणाली. "तुझ्या मामाचा हात लागलेली भिंत आहे ते." मग जरा वेळाने म्हणाली, येताना पट्टी घेऊन ये, इथला काचवाला दुकान बंद करून गेला. मला रडूच आलं.

संध्याकाळी नौपाड्यातून सहा इंचाच्या चार पट्ट्या कापून आणल्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत ठेवल्यात. शुक्रवारी निघतेय. तुमच्यापैकी कुणी माहिती अधिकारात जुन्या खाणीचा नकाशा मागितला असेल तर अर्ज नेमका कुणाच्या नावाने करायचा तेवढं प्लीज मेसेज करा, शुक्रवारच्या आत.